एकाचा गुडघा, एकाचा दम : बंदराच्या चढत्या गावांत आईबाबांना पायी कसं फिरवावं

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. मेहकर तालुक्यातल्या गावाहून तुम्ही, वहिनी आणि आईबाबा असे चौघं मे महिन्यात सात रात्रींच्या क्रूझला निघालात. जहाज माल्टातल्या व्हॅलेटाहून सुटणार आणि माँटेनेग्रोतलं कोटोर, क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक, ग्रीसमधलं सँटोरिनी करून परत येणार. जहाजाच्या सहली महाग वाटल्या, म्हणून प्रत्येक बंदराला उतरून आपलं आपण पायी फिरायचं ठरवलंय. बाबा ६७ वर्षांचे, रोज वावरात चार-पाच किलोमीटर चालतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि चढावर दम लागतो. आई ६१ वर्षांच्या, उजवा गुडघा तीन वर्षांपासून दुखतो. नकाशावर सगळं एक-दीड किलोमीटरच्या आत दिसतं, तर जमेल का?

मी रिसोडकडची. ३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. निवृत्तीनंतर गेली ११ वर्षं आपल्या भागातल्या साठीपुढच्या मंडळींचे छोटे गट घेऊन फिरते, त्यात भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर सहा वेळा गेले. त्या अनुभवावरून सांगते, जमेल. फक्त आई आणि बाबा या दोघांना एकाच वाटेनं वरखाली नेऊ नका. दोघांची दुखणी उलट्या दिशेची आहेत.

अंतराचा प्रश्नच नाही. आपल्याकडचा माणूस चालण्यात कमी पडत नाही. पांदणीनं वावरात जायचं, धुऱ्याधुऱ्यानं फिरायचं, दिंडीबरोबर शेगावला पायी जायचं, हे ज्याला जमतं त्याला दीड किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण ते सगळं चालणं सपाटीवरचं, पाय टेकला की जरा दबणाऱ्या काळ्या मातीवरचं. ही बंदराची गावं मात्र डोंगराला धरून वसवलेली आहेत. शत्रू समुद्रावरून येणार, म्हणून वस्ती उंचावर, तटबंदी त्याहून उंचावर आणि धक्का तेवढा पाण्याशी. तुम्ही उतरणार धक्क्यावर, आणि पाहण्यासारखं बहुतेक सगळं डोक्यावर. मोबाइलच्या नकाशात लांबी कळते, उंची कळत नाही.

म्हणून मी मजल्यांत मोजते. एक मजला साधारण तीन मीटरचा धरा. व्हॅलेटात धक्क्याकडून शहरात नेणारी लिफ्ट ५८ मीटर उंच आहे, म्हणजे १९ मजले. सँटोरिनीत बोट लागते तिथून फिरा गाव सुमारे २२० मीटर वर, म्हणजे सत्तरहून जास्त मजले. कोटोरच्या किल्ल्याची तटबंदी पाण्यापासून २६० मीटरपर्यंत चढत जाते, म्हणजे जवळपास ८७ मजले. आता आपल्या गावात दोन मजल्यांच्या वर घर किती आहेत ते आठवा. आईबाबांनी आयुष्यात एका दमात किती मजले चढले-उतरले असतील? त्यात त्यांचा दोष नाही, आपला मुलूखच सपाट आहे.

चढताना काम पडतं छातीला आणि मांड्यांना. उतरताना दम लागत नाही, त्यामुळे सोपं गेलं असं वाटतं. पण त्या वेळी वाकलेला एक गुडघा सगळं वजन झेलत असतो. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, पायऱ्या उतरताना तो साडेतीनपटीच्या आसपास जातो. शिवाय उतरणीवर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन आवरून धरतात. त्यांचं दुखणं त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतं. घरी असलो तर एक दिवस आराम करता येतो. क्रूझवर दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं बंदर दारात उभं असतं.

तेव्हा ज्याचा दम कमी पडतो त्यानं वर लिफ्टनं, रोपवेनं किंवा टॅक्सीनं जावं आणि खाली चालत यावं. ज्याचा गुडघा दुखतो त्यानं बसत-बसत पायी चढावं आणि खाली लिफ्टनं, रोपवेनं किंवा टॅक्सीनं यावं. बाबा पहिल्या प्रकारात, आई दुसऱ्या. घरोघरी मी नेमकं उलटं होताना पाहते. आईचा गुडघा दुखतो म्हणून वर जाताना गाडी करतात, आणि परत येताना “आता काय, उतारच आहे” म्हणून तिला चालवत आणतात. संध्याकाळी गुडघा सुजला की चढाला दोष देतात. ती चढलेलीच नसते.

हे मी स्वतः चुकून शिकले. पहिल्यांदा सँटोरिनीला गेले तेव्हा गटात अकरा जण होते. वर सगळे रोपवेनं छान गेलो. दुपारी परत निघालो तर रोपवेची रांग गल्लीत लांबवर गेलेली, त्या दिवशी बंदरात चार जहाजं होती. तासभर उभं राहून रांग फारशी सरकेना, जहाजावर परत नेणाऱ्या शेवटच्या छोट्या बोटीची वेळ जवळ येत चालली. मी घाबरले आणि पाच जणांना पायऱ्यांनी खाली घेऊन गेले. त्यांत एक काकू होत्या, गुडघ्याचं जुनं दुखणं असलेल्या. बोट मिळाली. पण पुढची दोन बंदरं त्या काकूंनी खोलीतल्या खिडकीतून पाहिली. दोन वर्षं भिशीत पैसे साठवून आल्या होत्या त्या. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि ते मला अजून लागतं. तेव्हापासून बंदर कोणतंही असो, वर कसं जायचं हे मी नंतर पाहते. आधी खाली कशानं यायचं आणि किती वाजता, ते कागदावर लिहिते.

दोन गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. बाबांचा दम वयाचा, सवय नसल्याचा की हृदयाचा, हे डॉक्टरांनीच पाहायला हवं. चढताना छातीवर दाब येत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखत असेल, तर आधी मेहकरला किंवा बुलडाण्याला नेऊन तपासणी करा, क्रूझचं नंतर बघू. आईचा गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा आपोआप वाकून सोडून देत असेल, तर त्यांनाही आधी दाखवून घ्या. पुढचं सगळं मी असं काही नाही असं धरून लिहिते आहे.

आता बंदरं. तुम्ही चौघं आहात हे फार बरं आहे, कारण गरज पडली तर दोन जोड्या करता येतात. एक जोडी तुम्ही आणि आई, दुसरी वहिनी आणि बाबा. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवायची. तिथं फोन लागेलच असं धरू नका.

व्हॅलेटा चार बंदरांतलं सगळ्यात सोपं. १५६५ मध्ये तुर्कांनी माल्टाला मोठा वेढा घातला होता. तो उठल्यावर लगेच १५६६ मध्ये हे शहर कागदावर आखून बांधायला घेतलं. दोन बंदरांच्या मधोमध एक लांब टेकाड आहे, त्याच्या पाठीवरून मुख्य रस्ता, रिपब्लिक स्ट्रीट, सरळ शेवटच्या किल्ल्यापर्यंत जातो. बैलाच्या पाठीचा कणा कसा असतो, तसा तो रस्ता. कण्यावर राहिलात तर चालणं सोपं. आडव्या गल्ल्या मात्र दोन्ही बाजूंनी फासळ्यांसारख्या खाली उतरतात, कित्येक तर पायऱ्यांच्याच आहेत. सुंदर लाकडी सज्जे दिसतात, आई म्हणतील जरा खाली जाऊन पाहू. नको म्हणा. जेवढं खाली जाल तेवढं परत यावं लागेल.

धक्क्यावरून किनाऱ्याकिनाऱ्यानं दहा-पंधरा मिनिटं सपाट चाललात की ती ५८ मीटरची लिफ्ट लागते. १९०५ मध्ये तिथं पहिली लिफ्ट होती, ती पुढं बंद पडून काढून टाकली, आताची २०१२ मध्ये सुरू झाली. ती थेट वरच्या बागेत सोडते. तिथून सगळं बंदर दिसतं आणि दुपारी बाराला खालच्या तोफखान्यातून तोफ उडते, बाबांना ती नक्की दाखवा. आईबाबा दोघांनीही इथं लिफ्टनंच जावं आणि लिफ्टनंच यावं. सेंट जॉन्सच्या मोठ्या चर्चमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ सालचं भव्य चित्र आहे. आत जाताना खांदे झाकलेले लागतात आणि बारीक टाचांच्या चपला चालत नाहीत. साडी नेसलेल्या आईंना त्याची काही अडचण नाही.

कोटोर आणि डुब्रोव्हनिक तुमच्या कार्यक्रमात लागोपाठ आहेत, म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करा. पहिल्या दिवशी पाय दमवले तर दुसरा दिवस गेला.

कोटोरला जहाज आखातातून आत येतं तो वेळ हेच कोटोरचं अर्धं दर्शन. दोन्हीकडं डोंगर, पेरास्ट गाव, त्याच्यासमोर पाण्यात दोन इवली बेटं आणि त्यांवर देवळाएवढ्या चर्चच्या इमारती. पहाटे लवकर उठा, चहा घेऊन चौघं वरच्या डेकवर या. हे दृश्य जेवणाच्या हॉलमध्ये बसून घालवणारे लोक पाहिले की मला हळहळ वाटते. शाल मात्र घ्या, मे महिन्यातही पहाटे तिथं गार असतं.

जुनं गाव धक्क्याच्या अगदी समोर, आणि आतून सपाट. आईंना तिथं दोन-तीन तास आरामात फिरता येईल. गावाच्या पाठीमागून किल्ल्याची वाट चढते, १३५० पायऱ्या. पायऱ्या म्हणजे आपल्या देवळाच्या बांधीव पायऱ्या नव्हेत, कुठं तुटलेल्या, कुठं गोट्यांचा उतार. या वाटेवर मध्येच १५१८ सालचं एक लहान चर्च आहे. बाबांची तब्येत तपासून झाली असेल आणि त्यांचा जीव वर ओढत असेल, तर वहिनींबरोबर त्या चर्चपर्यंत जाऊ द्या. दर पन्नास पायऱ्यांना थांबायचं, श्वास इतका शांत व्हायला हवा की पूर्ण वाक्य बोलता येईल, मगच पुढं. लाल छपरांचं गाव आणि आखात तिथूनही मनसोक्त दिसतं. त्याच्या वर नको. आणि पाऊस पडून गेला असेल तर अजिबात नको. कोटोरच्या मागचे डोंगर हे युरोपातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी आहेत, आणि ओला चुनखडी दगड शेवाळलेल्या घाटासारखा निसरडा होतो. आईंनी ही वाट अजिबात धरू नये, कारण इथं खाली यायला यंत्र नाही. माझ्या नियमात त्यांना चढायला परवानगी आहे, पण उतरण्याची सोय असेल तरच.

डुब्रोव्हनिकमध्ये मोठी जहाजं बहुधा ग्रूझ बंदराला लागतात. तिथून जुनं शहर सुमारे तीन किलोमीटर. हे अंतर चालू नका, रस्ता वाहता आहे आणि पायांची शिल्लक उगाच खर्च होते. शहर बस आहे, चौघांत टॅक्सीही परवडते. पिले दरवाजातून आत शिरलं की उजव्या हाताला मोठं गोल कारंजं दिसेल. १५ व्या शतकात सुमारे १२ किलोमीटरवरून पाणी आणून ते बांधलं. ते पाणी पिता येतं, बाटल्या तिथंच भरून घ्या. पुढं स्ट्राडुन हा मुख्य रस्ता, तीनेकशे मीटर, पूर्ण सपाट. १६६७ च्या भूकंपात शहर कोसळलं, त्यानंतर त्याच्या दोन्ही कडेची एकसारखी घरं उभी राहिली. रस्त्याचा दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी आरशासारखा गुळगुळीत झालाय. आमच्या गटातले एक काका इथं पावसाच्या एका सरीनंतर घसरून पडले. दोन वर्षं वापरून तळ झिजलेले बूट होते. मनगटावर निभावलं. तळव्याला खाचा असलेले बूट का हवेत, ते या रस्त्यावर कळतं.

इथली तटबंदी १९४० मीटर लांब आहे आणि तिच्यावरून पूर्ण फेरी मारता येते, पण वाट एकाच दिशेची, घड्याळाच्या उलटी. बहुतेक लोक पिले दरवाजापाशी चढतात. मग आधी समुद्राची बाजू येते, आणि सगळ्यात उंच मिन्चेटा बुरूज अगदी शेवटी, पाय दमल्यावर आणि ऊन डोक्यावर आल्यावर. बाबांना न्यायचं असेल तर पलीकडच्या प्लोचे दरवाजाच्या बाजूनं चढवा. ताज्या दमात मिन्चेटा होऊन जातो, पुढं उतार, आणि पिलेपाशी आलात की तिथंच खाली उतरायचं की समुद्राची बाजू करायची, हे बाबांकडं पाहून ठरवता येतं. सकाळी तट उघडल्या उघडल्या जा. वर सावली नावाला नाही.

आईंसाठी स्ट्राडुन, जुनं बंदर आणि तिथल्या बाकावर बसून तासभर लाटा पाहणं. मला स्वतःला ही जागा तटापेक्षा जास्त आवडते. त्यांनाही उंचावरून पाहायचं असेल तर ४१२ मीटर उंचीच्या स्रज डोंगरावर रोपवे जातो. १९६९ मध्ये तो सुरू झाला, १९९१ च्या युद्धात उद्ध्वस्त झाला आणि २०१० पासून पुन्हा चालतो. यात एक मेख आहे. रोपवेचं खालचं ठाणं तटाच्या वरच्या अंगाला आहे आणि स्ट्राडुनपासून तिथं पोचायलाच बऱ्याच खड्या पायऱ्या लागतात. जाताना एकवेळ आई बसत-बसत चढतील. परत मात्र ठाण्यापासूनच टॅक्सी करा आणि थेट जहाज गाठा. जिथं लिफ्ट किंवा रोपवे असेल तिथं हा प्रश्न नेहमी विचारा, त्याच्या दारापर्यंत कसं जायचं?

सँटोरिनीला सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं, म्हणून याबद्दल सविस्तर लिहिते. जहाज धक्क्याला लागत नाही, पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटींनी कड्याखालच्या जुन्या बंदरावर सोडतात. तिथून वर फिरा गावात जायला तीन मार्ग. १९७९ मध्ये बांधलेला रोपवे, ५८८ पायऱ्या, किंवा त्याच पायऱ्यांवरून खेचरं. खेचरावर आईंना बसवू नका. चढता-उतरताना गुडघा नको तसा वळतो, आणि त्या मुक्या जनावरांचेही हाल फार आहेत. २०१८ मध्ये ग्रीसनं त्यांच्या पाठीवर १०० किलोपेक्षा किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार टाकायला बंदी केली, ती उगाच नाही.

बाबांच्या बाबतीत माझा नियम मी इथं मोडते. त्यांनीही पायऱ्यांनी उतरू नये. दगड झिजलेले, त्यावर लीद आणि मूत, आणि खेचरांचा जथा खाली येतो तेव्हा भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. ढोरांमध्ये वाढलेल्या माणसाला त्यांची भीती नसते, पण घसरण्याची असायला हवी.

मग काय करायचं? सकाळच्या पहिल्या बोटींमध्ये बसा. वर रोपवेनं जा, त्या वेळी रांग लहान असते. वर पोचल्यावर फिरा ते फिरोस्टेफानी ही कड्याच्या कडेची वाट धरा, सावकाश वीस-पंचवीस मिनिटं. चढउतार बेताचा आहे आणि डाव्या हाताला समुद्रानं भरलेलं ज्वालामुखीचं सगळं विवर उघडं पडतं. तिथं कुठंतरी बसा, कॉफी घ्या, परत या. ओईया गाव फोटोंमुळं सगळ्यांना हवं असतं, ते फिरापासून दहा-अकरा किलोमीटर, बसनं जाता येतं. पण तुमचा मुक्काम सहा-सात तासांचाच असेल तर मी आईबाबांना तिकडं नेणार नाही. परतीला शेवटच्या बोटीच्या अडीच तास आधी रोपवेच्या वरच्या ठाण्यावर रांगेत उभे राहा. रांग नसली तर खाली बंदरावर बसायला जागा आहे, बिघडत काही नाही. रांग असली तर तुमच्याकडं वेळ आहे. आणि इथं लक्षात घ्या, तुमची वेळ म्हणजे जहाज सुटण्याची नाही, शेवटच्या छोट्या बोटीची.

वेळेवरून आणखी एक. ग्रीसचं घड्याळ माल्टा, क्रोएशिया आणि माँटेनेग्रोच्या एक तास पुढं आहे. मोबाइल आपोआप गावाची वेळ दाखवू लागतो, जहाज मात्र कधी आपली वेळ बदलतं, कधी बदलत नाही. रोज सकाळी उतरताना जहाजावरच्या घड्याळाचा मोबाइलनं फोटो काढा आणि बाबांच्या हातातलं घड्याळ त्या वेळेला लावा. सगळ्यांनी परत यायची वेळ साधारण सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, ती जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेली असते. त्याच पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो. पत्रकाची घडी करून एक वहिनींच्या पर्समध्ये, एक तुमच्या खिशात. आपल्या हिमतीनं फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चानं जावं लागतं.

व्हिसा काढताना एक तपासा. माल्टा, ग्रीस आणि २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, माँटेनेग्रो नाही. म्हणजे कोटोरला तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाता आणि दुसऱ्या दिवशी परत आत येता. व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा (मल्टिपल एंट्री) हवा. पैशांचं मात्र सोपं आहे, चारही ठिकाणी युरोच चालतो.

पायातलं सांगते. आईंना आजपासून बूट-मोजे घालायला लावा. साडीवर बूट म्हणजे गावात लोक हसतील असं त्या म्हणतील, आमच्या गटातल्या प्रत्येक काकू म्हणाल्या. पहिले आठ दिवस घरात, मग अंधार पडल्यावर सडकेवर, मग दिवसा. महिनाभरात सवय होते आणि बूटही पायाचे होतात. नवे कोरे बूट पहिल्यांदा प्रवासातच घालू नका. साडी घोट्याच्या वर नेसायला सांगा, उतरताना निऱ्यांवर पाय पडून पडलेल्या दोघी मी पाहिल्यात. पंजाबी ड्रेस घालायची तयारी असेल तर उत्तमच. काठी एकच पुरे, खाली रबर असलेली, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे आईंच्या डाव्या हातात. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. हे वाक्य त्यांना पाठ करून द्या.

आता सरावाचं. यात तुम्ही नशीबवान आहात, कारण लोणार तुमच्या उशाला आहे. विवराच्या काठापासून तळ सुमारे १३७ मीटर खोल. पाण्याकडं उतरून परत काठावर येणं म्हणजे व्हॅलेटाच्या दुपटीहून जास्त आणि सँटोरिनीच्या निम्म्याहून थोडा जास्त चढउतार. मी प्रत्येक गटाला आधी लोणारला नेते. तिथं क्रम उलटा असतो, आधी उतार आणि मग चढ, म्हणून गुडघा आणि दम दोघांचीही परीक्षा एकाच सकाळी होते. उन्हाळा तापायच्या आत जा, उजाडता उजाडता उतरायला लागा, दहाच्या आत वर या. पाठीवर दोन लिटर पाणी असलेली पिशवी तुम्ही घ्या, आईबाबा मोकळ्या हातानं. आईंनी निम्म्यातूनच परतलं तरी चालेल. पाहायचं ते त्या दिवशी किती जमलं हे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठताना गुडघा कसा आहे आणि तिसऱ्या दिवशी कसा आहे, ते वहीत लिहा. बाबा वर येताना किती वेळा थांबले तेही लिहा. महिन्यानं परत जा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. मधल्या दिवसांत आईंनी घराच्या एका पायरीवरून, चौकट धरून, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा सावकाश उतरायचा सराव करावा. दुखलं तर त्या दिवशी थांबायचं.

लोणारला बाबांना काठावर उभं करून एक गोष्ट सांगून ठेवा. हा खड्डा आपल्या काळ्या खडकात आकाशातून उल्का पडून झाला. सँटोरिनीचा त्याहून कितीतरी मोठा खड्डा ज्वालामुखीचे स्फोट होऊन जमीन खचत गेल्यानं झाला, त्यातला शेवटचा प्रचंड स्फोट सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्या खड्ड्यात समुद्र शिरला. फिराच्या कठड्याला हात टेकून खाली पाहताना त्यांना लोणार आठवेल. आमच्या एका काकांना आठवलं होतं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, खारे दाणे बंद पाकिटात न्या. पेढे, खवा, तुपातले दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. जहाजावरचं शिजलेलं अन्न आणि फळंही बंदरावर नेता येत नाहीत, म्हणून पोटभर नाश्ता करून उतरा. जहाजातून निघण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, बाहेर सोय शोधावी लागते आणि पैसे पडतात. बाबांची गोळी ठरलेल्या वेळेला, घड्याळ कितीही बदललं तरी दोन गोळ्यांतलं अंतर किती ठेवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कोटोरला बाबांना चर्चपर्यंत पाठवायचं की नाही, आणि डुब्रोव्हनिकला पूर्ण तट करायचा की अर्धा, हे आत्ता ठरवू नका. लोणारच्या दोन्ही फेऱ्या होऊ द्या. आईंचा गुडघा तिसऱ्या दिवशी कसा होता आणि बाबा चढताना कितीदा थांबले, एवढं मला इथंच लिहून कळवा. त्यावरून बंदरागणिक वेळ आणि वाट मी तुम्हाला मांडून देते.